स्वरक्ताचे साह्य : दंतशस्त्रक्रियेनंतरची जखम आणि बिंबाणूंचे कार्य



श्रीगुरुचरणी प्रणिपात करून आज ज्या विषयाचा येथे विचार करावयाचा आहे, तो प्रथमदर्शनी मठाच्या उत्सवमंडपास काहीसा परका वाटेल. परंतु भाविकाच्या दिनचर्येचा आरंभच दंतधावनाने होतो; स्नान, संध्या, पूजा ही सर्व त्यानंतरची. ज्या मुखाने नामस्मरण करावयाचे, स्तोत्रे म्हणावयाची आणि प्रसाद ग्रहण करावयाचा, त्या मुखाच्या आरोग्याची काळजी वाहणे हे धर्माचरणाशी विसंगत खचित नव्हे. वयोमानाप्रमाणे दाढ किडते, हिरडी हाडापासून सुटते आणि एके दिवशी दाढ काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अशा वेळी अलीकडे कित्येक दंतवैद्य रुग्णास विचारतात की, ‘तुमच्याच रक्तातून वेगळा केलेला एक अंश जखमेत भरला तर चालेल काय?’ त्यासाठी काही अधिक खर्चही सांगितला जातो. घरातील वडीलधारी मंडळी या प्रश्नाने गोंधळून जातात. ते रक्त कोणाचे? त्यात काय मिसळणार? आपल्या आचारास न मानवणारे एखादे द्रव्य त्यात आहे काय? आणि एवढे करून जखम खरोखरच लवकर भरते काय? या चार प्रश्नांची सरळ उत्तरे मिळावीत, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

दाढ काढली म्हणजे जबड्याच्या हाडात एक खळगा राहतो. काही मिनिटांतच तो रक्ताने भरतो आणि त्या रक्ताची गुठळी बनते. सामान्य माणसास ही गुठळी म्हणजे वाया गेलेले रक्त वाटते. ती थुंकून टाकावी, तोंड स्वच्छ करावे, असा त्याचा स्वाभाविक कल असतो. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. ही गुठळी हे जखमेचे पहिले आच्छादन असून पुढील बांधकामाची परातही तीच होय. तिच्यातील सूक्ष्म तंतूंच्या जाळ्यावरून भोवतालच्या पेशी आत सरकतात, नव्या केशवाहिन्या फुटतात, आठवडाभरात खळग्यात कोवळे मांसल ऊतक दिसू लागते, काही आठवड्यांत वरून हिरडी मिटते, आणि खाली नवे हाड भरून येण्यास पुढे कित्येक महिने लागतात. हे सारे काम त्या पहिल्या गुठळीच्या आश्रयाने चालते. ती अकाली सुटली वा विरघळली तर उघडे हाड लाळेच्या व अन्नकणांच्या संपर्कात येते. मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत जाणारा तीव्र ठणका सुरू होतो आणि तोंडास दुर्गंधी येते. दंतवैद्य यास ‘ड्राय सॉकेट’, म्हणजे कोरडा खळगा म्हणतात. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत व धूम्रपान करणाऱ्यांत हा त्रास विशेष आढळतो.

रक्त थांबवणे आणि जखम सांधणे या दोहोंचा निकट संबंध आपल्या प्राचीन शल्यतज्ज्ञांच्या नजरेतून सुटला नव्हता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शोणितवर्णनीय नावाचा अध्याय आहे. त्यात रक्तस्राव थांबवण्याचे संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपाय सांगितले आहेत. तुरट द्रव्यांनी जखम सांधणे, थंडाव्याने रक्त गोठवणे, भस्माने पाचन करणे आणि डाग देऊन शिरा आकुंचित करणे, असे त्यांचे स्वरूप आहे. आज दाढ काढल्यावर गालावर बाहेरून बर्फ धरण्यास सांगतात, तेव्हा त्या जुन्या सूत्राचे स्मरण होणे साहजिक आहे. मात्र यावरून आज ज्यांचे वर्णन करावयाचे ते बिंबाणू प्राचीनांस ठाऊक होते असा दावा करणे उचित होणार नाही. ते कण डोळ्यांस दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शक यंत्र आल्यावाचून ते कळणे शक्यच नव्हते. पूर्वजांचा खरा गौरव त्यांनी केलेल्या निरीक्षणाचा असावा. न केलेल्या शोधाचे श्रेय त्यांच्या पदरी घालण्याचे कारण नाही.

रक्तात तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज तिसऱ्या प्रकारचे अतिसूक्ष्म चपटे कण असतात. त्यांस मराठीत बिंबाणू म्हणतात. डेंग्यूच्या साथीमुळे ‘प्लेटलेट’ हा शब्द आता खेडोपाडीही परिचित झाला आहे. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे दीड लाख ते साडेचार लाख बिंबाणू असतात. अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींचे तुकडे होऊन ते बनतात आणि सात ते दहा दिवस जगतात. इटलीतील तुरीन येथील ज्यूलिओ बित्सोझेरो या शास्त्रज्ञाने १८८२ साली, रक्तवाहिनीस इजा होताच हे कण तेथे एकमेकांस चिकटून गोळा होतात आणि रक्त गोठण्याच्या क्रियेत भाग घेतात, हे दाखवून दिले. पुढे जवळजवळ शतकभर बिंबाणूंकडे केवळ रक्त थांबवणारे पहारेकरी म्हणूनच पाहिले जात होते. १९७४ साली अमेरिकेत रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, गोठलेल्या रक्तातून मिळणाऱ्या द्रवात पेशी जोमाने वाढतात. परंतु बिंबाणू वगळून तयार केलेल्या द्रवात त्या तशा वाढत नाहीत. म्हणजे बिंबाणू केवळ भोक बुजवीत नाहीत; बुजवता बुजवता दुरुस्ती करणाऱ्या पेशींस बोलावणेही पाठवतात. हे बोलावणे म्हणजे त्यांच्या पोटातील सूक्ष्म कोशांत साठवलेली प्रथिने होत. त्यांस वृद्धिघटक असे नाव आहे. काही वृद्धिघटक पेशींचे विभाजन वाढवतात, काही नव्या केशवाहिन्या फुटण्यास साह्य करतात, तर काही हाड व ऊतक घडवण्याच्या कार्यास चालना देतात.

येथून पुढचा विचार सहज सुचण्याजोगा होता. जखमेत स्वाभाविकपणे जितके बिंबाणू येतात त्यांच्या कित्येक पट तेथे नेऊन ठेवले तर काय होईल? अमेरिकेतील मायामी विद्यापीठातील मुख व जबड्याचे शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. जबड्याचा पाच सेंटिमीटर वा त्याहून अधिक भाग नाहीसा झालेल्या ८८ रुग्णांवर त्यांनी अस्थिरोपण केले होते. निम्म्या रुग्णांच्या रोपणात त्यांच्याच रक्तातील बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव मिसळला, उरलेल्या निम्म्यांत मिसळला नाही. रक्तातील बिंबाणूंची सरासरी संख्या घन मिलिमीटरमागे सुमारे २ लाख ३२ हजार होती. समृद्ध केलेल्या द्रवात ती सुमारे ७ लाख ८५ हजार झाली. सहा महिन्यांनंतर तपासले असता पहिल्या गटात नव्या हाडाची घनता सुमारे ७४ टक्के व दुसऱ्या गटात सुमारे ५५ टक्के आढळली. या निबंधाने दंतवैद्यकाच्या जगात मोठी खळबळ उडवली. पुढच्याच वर्षी, १९९९ साली, स्पेनमधील एदुआर्दो आनितुआ यांनी दात काढलेल्या जागी पुढे कृत्रिम दाताचा खुंट बसवता यावा यासाठी अशाच द्रवाचा उपयोग वर्णिला, आणि २००१ साली फ्रान्समधील जोसेफ शुक्रून यांनी याहून साधी अशी एक पद्धत पुढे आणली.

या दोन पद्धतींतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. कारण भाविकांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या भेदातच दडलेले आहे.

पहिल्या, म्हणजे बिंबाणुसमृद्ध रक्तद्रवाच्या पद्धतीत, हाताच्या शिरेतून रक्त घेऊन ते गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. मग ‘सेंट्रिफ्यूज’ या यंत्रात नळी वेगाने फिरवतात. ताक घुसळल्यावर लोणी वर यावे तसे रक्ताचे थर वेगळे होतात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, पिवळसर रक्तद्रव वर राहतो, आणि दोहोंच्या मध्ये पांढुरका पातळ पापुद्रा दिसतो. बिंबाणूंची दाटी या पापुद्र्यात व त्याच्या लगतच्या रक्तद्रवात असते. तेवढा भाग काढून, बहुधा पुन्हा एकदा फिरवून, हवा तो द्रव मिळवतात. परंतु हा द्रव आता गोठत नाही. म्हणून जखमेत घालण्यापूर्वी त्यास पुन्हा गोठवावे लागते. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड वापरतात आणि त्याच्या जोडीला थ्राँबिन नावाचे प्रथिन मिसळण्याची चाल होती. मार्क्स यांच्या काळी प्रचलित असलेले हे थ्राँबिन गाईबैलांच्या रक्तापासून तयार केलेले असे.

दुसऱ्या, म्हणजे शुक्रून यांच्या पद्धतीत, रक्तात काहीच मिसळत नाहीत. सुमारे दहा मिलिलीटर, म्हणजे दोन चहाचे चमचे एवढे रक्त साध्या नळीत घेऊन ते लगेच यंत्रात ठेवतात. दहा-बारा मिनिटे फिरत असतानाच ते आपल्या धर्माने गोठते आणि नळीच्या मध्यभागी फायब्रिन या तंतुमय प्रथिनाचा मऊ, पिवळसर गोळा तयार होतो. बिंबाणू व बऱ्याचशा पांढऱ्या पेशी त्या जाळ्यात अडकलेल्या असतात. हा गोळा तसाच खळग्यात ठेवता येतो, किंवा हलकेच दाबून त्याचा पडदा करता येतो. त्यातून वृद्धिघटक काही दिवस हळूहळू पाझरत राहतात. मात्र रक्त घेतल्यावर विलंब झाला तर ते यंत्रात जाण्यापूर्वीच गोठते व प्रयत्न फुकट जातो. सारे कौशल्य या तत्परतेत आहे.

आता आचाराचा प्रश्न. स्वतःचे रक्त स्वतःच्याच जखमेत जाणे यात परक्या रक्ताचा संबंध येत नाही. दाढ काढल्यावर निसर्ग जे करतो त्याचीच ही अधिक दाट आवृत्ती होय. दुसऱ्याच्या रक्तातून येणाऱ्या रोगाचे भयही येथे नाही. मात्र नळ्या व सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरावयाच्या असल्या पाहिजेत, व प्रत्येक नळीवर रुग्णाचे नाव असले पाहिजे. गोवंशजन्य थ्राँबिनाची गोष्ट निराळी. ज्यांस गोमाता पूज्य आहे त्यांस हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. आणि केवळ श्रद्धेच्याच नव्हे, तर आरोग्याच्या दृष्टीनेही हा प्रश्न योग्य आहे. गाईच्या थ्राँबिनामुळे काही रुग्णांच्या शरीरात प्रतिद्रव्ये तयार होऊन ती रक्त गोठवणाऱ्या स्वतःच्याच घटकांविरुद्ध उलटल्याची आणि त्यामुळे रक्तस्राव झाल्याची उदाहरणे वैद्यकाने नोंदली आहेत. केवळ कॅल्शियमने रक्तद्रव गोठवता येतो, आणि शुक्रून यांच्या पद्धतीत तर बाहेरचे काहीच लागत नाही.

परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. दंतवैद्य पुष्कळदा या गोळ्याबरोबर हाडाची भुकटी खळग्यात भरतात. ती भुकटी काही वेळा गाईबैलांच्या हाडांवर प्रक्रिया करून केलेली असते. रक्त थांबवण्यासाठी ठेवावयाचा स्पंज व पडदेही अनेकदा गुरांच्या वा डुकरांच्या शरीरातील प्रथिनांपासून बनतात. खनिजांपासून कृत्रिमरीत्या तयार केलेले पर्याय आहेत; रुग्णाचे स्वतःचे हाडही वापरता येते. कोणते द्रव्य ग्राह्य व कोणते अग्राह्य, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार व गुरुजनांच्या मार्गदर्शनाने करावा. येथे सांगावयाचे ते इतकेच की, हा प्रश्न खुर्चीवर बसण्यापूर्वी विचारावा. तोंड बधिर झाल्यावर तो विचारता येत नाही, आणि द्रव्य हाडात मुरल्यावर कळून उपयोग होत नाही. जो दंतवैद्य शांतपणे डबीवरील मजकूर दाखवून उत्तर देतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

चौथा प्रश्न लाभाचा. येथे अत्यंत सावधपणे बोलणे प्राप्त आहे. मार्क्स यांच्या निबंधानंतर जगभर शेकडो प्रयोग झाले. परंतु ते फळ सर्वत्र तसेच पदरात पडले नाही. वरच्या जबड्यातील दाढांच्या वर, गालाच्या हाडात, एक पोकळी असते. तिचा तळ उचलून तेथे हाड भरण्याच्या शस्त्रक्रियेत बिंबाणुसमृद्ध रक्तद्रवाने फलनिष्पत्ती सुधारत नाही, असा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय परीक्षणसंस्थेचा निष्कर्ष आहे. हिरड्यांच्या रोगामुळे दाताभोवती पडलेल्या अस्थिखळग्यांसंबंधी याच संस्थेने २०१८ साली ३८ चाचण्या एकत्र तपासल्या. काही प्रकारच्या उपचारांबरोबर बिंबाणूंचा उपयोग लाभदायक दिसला, काहींबरोबर दिसला नाही. आणि एकंदर पुरावा अतिशय दुर्बळ प्रतीचा ठरवला गेला. खालची अक्कलदाढ काढल्यावर शुक्रून यांच्या पद्धतीचा गोळा ठेवला असता पहिल्या काही दिवसांचा ठणका व कोरड्या खळग्याचा त्रास कमी झाल्याचे अनेक चाचण्यांत आढळले आहे. तथापि त्या चाचण्या बहुतांशी लहान आहेत. कोणी नळी अधिक वेगाने फिरवली, कोणी कमी. कोणी काचेची नळी घेतली, कोणी प्लास्टिकची. त्यामुळे एकाचे फळ दुसऱ्याच्या फळाशी ताडून पाहणे कठीण जाते. तात्पर्य, मऊ ऊतकाच्या जखमेस व पहिल्या आठवड्यातील वेदनेस याचे साह्य होणे संभवनीय आहे; हाड निश्चितपणे लवकर व अधिक भरते असे छातीठोकपणे सांगता येत नाही. साधी दाढ निघाली असेल आणि प्रकृती निरोगी असेल तर यावाचूनही जखम भरते. म्हणून कोणी हा उपचार नाकारला तर त्याने स्वतःस अपराधी मानू नये. आणि कोणी स्वीकारला तर चमत्काराची अपेक्षा धरू नये.

ज्यांस हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू आहेत, त्यांनी दाढ काढावयाची म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. जखमेतील रक्त स्थानिक उपायांनी थांबवता येते, पण हृदयात वा मेंदूत अडकलेली गुठळी प्राण घेऊ शकते. दंतवैद्य आणि नेहमीचे वैद्य या दोघांच्या विचारानेच निर्णय व्हावा. मधुमेहींनी साखर आटोक्यात आणूनच शस्त्रक्रियेस जावे. ज्यांचे बिंबाणू मुळातच कमी वा सदोष आहेत त्यांस या उपचाराचा फारसा उपयोग नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठी वा कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट वर्गाची औषधे घेणाऱ्यांनी, विशेषतः वृद्ध मातांनी, ती गोष्ट आवर्जून सांगावी. या औषधांमुळे जबड्याचे हाड निर्जीव होण्याचा धोका असतो, हे २००३ साली जगाच्या लक्षात आणून देणाऱ्यांत रॉबर्ट मार्क्स हेच अग्रणी होते. ज्याने हाड भरून येण्याची आशा दाखवली त्यानेच हाड न भरण्याचा इशाराही दिला, ही गोष्ट शास्त्राच्या प्रामाणिकपणाची द्योतक आहे.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची बाब. कितीही उत्तम गोळा खळग्यात ठेवला तरी तो राखणे रुग्णाच्या हाती आहे, आणि भाविकाच्या नित्यक्रमातील काही गोष्टी येथे नकळत आड येतात. पहाटे उठून जोराने चूळ भरण्याची सवय ही त्यांतली पहिली. दाढ काढल्यावर चोवीस तास चूळ भरू नये, थुंकूही नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचे पाणी तोंडात हलके धरून ते आपोआप गळू द्यावे. वरची दाढ काढली असेल तर गालातील पोकळी व तोंड यांमध्ये केवळ पातळ हाड असते, क्वचित छिद्रही पडते. अशा वेळी शंख फुंकणे, सनई वाजवणे, जोराने नाक शिंकरणे, भस्त्रिका वा कपालभाती करणे यांमुळे आतील दाब वाढून गुठळी निखळते. आरतीच्या वेळी शंख काही दिवस दुसऱ्याच्या हाती द्यावा. सेवेत खंड पडला असे मानू नये. शहाळ्याचे पाणी नळीने ओढू नये, भांड्यात ओतून प्यावे. त्या दिवशी निर्जळी उपवास नको; गार दूध वा निवलेली मऊ पेज घ्यावी. एकादशी जवळ असेल तर दिवस ठरवतानाच दंतवैद्यास सांगावे. मिशरी, तपकीर, विडी, तंबाखू व सुपारी जखम भरेपर्यंत तरी वर्ज्य करावी. आणि एकदा सुटलेली ही व्यसने पुन्हा न धरणे हा त्या दाढेचा अखेरचा उपकार समजावा.

सद्भक्तहो, या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात असे आहे. जखम भरण्याचे सामर्थ्य परमेश्वराने देहातच ठेवले आहे. वैद्य ते निर्माण करीत नाही. विखुरलेले ते सामर्थ्य एकत्र करून गरज असेल तेथे नेऊन ठेवतो. त्याच्या या साह्यास मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादा जाणून घेतलेल्या रुग्णाची फसवणूक होत नाही. प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे, आणि नियम पाळणे म्हणजे भीती नव्हे. रक्तातील एका सूक्ष्म कणाचे आयुष्य जेमतेम दहा दिवसांचे. पण प्रसंग येताच तो जखमेच्या ठिकाणी धावतो, स्वतः फुटतो आणि इतरांस उभारणीसाठी हाक देतो. सेवाधर्माचे याहून जवळचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. श्रीगुरुकृपेने सर्व भाविकांस आरोग्य लाभो, आणि सर्वांचे मुख नामस्मरणासाठी निरामय राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना. इत्यलम्.